तंबाखू: नाही

सांगलीच्या एका रुग्णालयात मी संगणकाच्या चुका काढते. दुसऱ्याच्या चुका काढायची सवय आमच्या घराण्यातच आहे, पण त्याचा पगार घेणारी मी पहिलीच. तोंडाच्या कॅन्सरच्या जुन्या केसपेपरांतून एक सॉफ्टवेअर संशोधनासाठी माहिती वेचतं: वय, गाठ कुठे, तंबाखूची सवय आहे की नाही. त्यानं वेचलेलं मूळ मजकुराशी ताडून ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ अशी खूण करायची, हे माझं काम. कागदावर आहे तेवढंच धरायचं, पदरचं काही घालायचं नाही.

बायकांच्या नावापुढे ‘तंबाखू: नाही’ फारच येऊ लागलं, तेव्हा आमच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “यातल्या मिसरी लावणाऱ्या किती असतील?”

“मॅडम, मिसरी वेगळी,” मी हसून म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. मिसरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच, हे मलाही ठाऊक होतं. पण आमच्याकडे तंबाखू पुरुष खातात, बायका फक्त दात घासतात. मिसरीला व्यसन म्हणायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. नव्या केसपेपरवर बाईंनी मिसरीचा प्रश्न वेगळा घातला. जुन्यांचं काही करता येणार नव्हतं.

त्या जुन्यांतच एक दिवस तो कागद आला. नाव-गाव पुसलेलं. गालाची गाठ, निवृत्त जवानाची बायको, आणि खाली डॉक्टरांनी लिहिलेलं, ‘नागपंचमीला माहेरी शिराळ्याला जायचे म्हणून घरी सोडण्याचा आग्रह.’ माझ्या आईनं याच कारणासाठी सगळ्या वॉर्डाचं डोकं खाल्लं होतं. ती पंचमी तिला काही मिळाली नाही.

तंबाखू: नाही.

तो प्रश्न विचारला तेव्हा मी तिच्या खाटेशीच उभी होते. दुखऱ्या गालानंही ती फणकारली होती, “आवं डॉक्टर, आमच्या घरातल्या बाया तसलं काय खात न्हाईत!” शेजारी उभ्या माझ्या वडिलांनी, आबांनीही मान डोलावली होती. कागदावर ‘नाही’, सॉफ्टवेअरचंही ‘नाही’. मी ‘बरोबर’ अशी खूण केली आणि जिन्यात जाऊन ढसाढसा रडले.

रविवारी उंब्रजला, आबांकडे गेले. आईची मिसरी आबाच भाजायचे. तव्यावरच्या धुरानं तिला ठसका लागायचा, म्हणून फौजेतून परतल्यापासून ते काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. शेजारणी चिडवायच्या, तर म्हणायचे, “बॉर्डरवर काय कमी धूर खाल्लाय व्हय?” बायकोसाठी त्यांनी इतक्या मायेनं दुसरं काही केलेलं मला आठवत नाही. आता त्यांना खरं कसं सांगायचं?

चहा झाल्यावर त्यांनी कोनाड्यातली तिची मिसरीची डबी काढली. ते ती रोज पुसतात.

“पोरी, तुजं मशीन लय लोकांचं कागद वाचतंय म्हनं. तुज्या आयला कशानं झालं, ते त्याला कळलं का गं?”

त्यांचा अंगठा डबीच्या झाकणावरून फिरत होता.

“न्हाई आबा,” मी म्हटलं. “कागदात तसं कायबी न्हाई.”

“मंग देवाचीच मर्जी,” ते म्हणाले, आणि डबी जपून परत कोनाड्यात ठेवली.