नळीवरचा आकडा

एका तरुण डॉक्टरने संशोधनासाठी माझं रक्त घेतलं आणि मला फसवलं. काल सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात स्पिरिटचा वास आला आणि सगळं पुन्हा आठवलं. तेव्हा हृदयविकाराचा झटका येऊन मी इस्पितळात पडून होतो. माझ्या दुकानातले सुताचे गठ्ठे पुन्हा उचलता येतील का, याचीच चिंता होती. तो डॉक्टर खाटेशी येऊन म्हणाला, "काका, हृदयाच्या पेशींना किती इजा झाली ते रक्तातून कळतं. थोडं द्याल?" मी सौदा केला, "देतो, पण माझा निकाल मला सांगायचा." "नक्की," म्हणत त्याने नळीवर आकडा लिहिला. माल कुणाचा ते कळावं म्हणून आमच्या गठ्ठ्यांवर असतो, तसाच तो मला वाटला. बरा झाल्यावर विचारायला गेलो, तर तो म्हणे आकड्यांपुढे नावं लिहिलीच नव्हती, सगळ्यांची सरासरी काढली. मी भडकलो, "अहो, सूत ताकद तपासायला दिलं, तर ज्याचं सूत त्याला निकाल मिळतो." तो हसला, "काका, माणूस म्हणजे सूत नव्हे." "दिसतंच आहे," मी म्हणालो, "सुताला निकाल मिळतो." आजही गठ्ठ्याला हात घालताना मी थबकतो. ज्याने 'नक्की' म्हटलं, त्यानेच आता सांगावं: उचलू की नको?