हजार तासांची कांडी

काय काम करतेस असं कोणी विचारलं तर आत्या म्हणायची, "कांड्या लटकवते." लोकांना ती थट्टा वाटायची. पण काम खरोखर तेच होतं. फाउंड्रीमागच्या बिनखिडकीच्या खोलीत चार उभ्या भट्ट्या होत्या. प्रत्येकीत अ‍ॅल्युमिनियमची बोटभर कांडी अडकवायची, खाली वजन लावायचं आणि तीनशे अंशांत ती किती ताणली जाते ते सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायचं. कांडी तुटली की वजन धपकन पडायचं आणि त्या भट्टीचं घड्याळ थांबायचं. चोवीस वर्षं आत्या त्या आवाजाची वाट बघत आली होती. कारखान्यात तिला 'घड्याळबाई'च म्हणत.

कांड्या ओतायचे माझे बाबा, तिचा धाकटा भाऊ. त्या वर्षी ते एका नव्या मिश्रणाच्या मागे लागले होते. निकेल वाढवलं की साच्यातच तडे जायचे, कमी केलं की धातू उष्णतेत मऊ पडायचा. नऊ महिन्यांनी एक ओत मनासारखा उतरला. ट्रकच्या इंजिनांचे पिस्टन त्यातून व्हायचे होते. मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, कांडी पुढच्या महिनाअखेरीपर्यंत हजार तास टिकली तर काम मिळेल, नाहीतर ओतखातं बंद.

आत्या कांडी बसवत होती तेव्हा बाबा दारातच उभे होते. उष्णता मोजणारी तार कांडीला काचेच्या धाग्याने बांधतात, दोन गाठी मारून. एवढ्या वेळात माणसांची लग्नं लागतात, असं बाबा म्हणाले. आत्या हसली आणि एका गाठीवर थांबली.

पहिले दोन दिवस कांडी भराभर ताणली. तिसऱ्या दिवशी एकदम सावरली. वहीतली चढती रेघ आडवी झाली आणि आडवीच राहिली. आत्या घरी येऊन आकडा सांगायची आणि बाबा दोन घास जास्त जेवायचे.

हजार तास भरले. मालकांनी स्वतः येऊन घड्याळ पाहिलं. सगळे गेल्यावर आत्याने भट्टी उघडली. धागा सुटला होता. तार कांडीपासून सरकून भट्टीच्या भिंतीतल्या तापलेल्या वेटोळ्याला टेकली होती. तीनशे अंश होते ते भिंतीचे. कांडी त्याहून थंडच राहिली होती. तिने वही मागे उलटली. तिसरा दिवस. धातू सावरला नव्हता, गाठ सुटली होती.

तिने वही मिटली. मग मालकांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं.

"हे अजून कोणाला सांगितलंत?"

"नाही."

"मग सांगू नका."

"वहीत लिहून आलेय," आत्या म्हणाली.

काम दुसऱ्या कारखान्याकडे गेलं. महिना संपला तसं ओतखातं बंद झालं, बाबांसकट एकतीस माणसं घरी बसली. बाबा तिला एवढंच म्हणाले, "ताई, मला एकदा विचारायचंस तरी." विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यानंतर बोलणं संपलं. घर दोन खोल्यांचं. मीठ हवं असलं तर बाबा माझ्याकडे मागायचे, बरणी आत्याच्या पुढ्यात असली तरी.

त्याच ओतातली दुसरी कांडी आत्याने भट्टी उघडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी चढवली होती. ती कोणी मागितली नव्हती, पण काढायलाही कोणी सांगितलं नाही. खात्याच्या दाराला कुलूप लागलं तरी मागच्या खोलीत ती लटकत होती.

सहाशे अकराव्या तासाला वजन पडलं.

त्या संध्याकाळी आत्याने रुमालात बांधून आणलेले दोन तुकडे बाबांपुढे ठेवले. कितीतरी दिवसांनी त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"गाठ?"

"दोन मारल्या होत्या."

बाबांनी भिंग काढलं, तुकडे खिडकीपाशी नेले आणि तुटलेली टोकं फिरवून फिरवून पाहिली. ओतताना हवा अडकली असती तर तिथे बारीक छिद्रं दिसली असती आणि दोष मिश्रणाचा ठरला नसता. त्यांना एकही सापडलं नाही. सापडायला हवं होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"ओतलं नीट होतं मी," ते म्हणाले.

"हो," आत्या म्हणाली.

त्यांनी दोन्ही तुकडे टोकाला टोक लावून टेबलावर ठेवले. ते अचूक जुळले. फक्त कांडी आता त्यांनी ओतली होती त्याहून लांब झाली होती.