साडूंनी कापलेली नावे

शनिवार, १५ फेब्रुवारी १९९७, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. माझ्या साडूंनी माधवनगरच्या घरातील संगणकाचे बटण दाबले आणि पडदा उजळेपर्यंत ते त्याच्यासमोर सावधान उभे राहिले. हुकूम देण्याची आणि पाळण्याची सारखीच हौस असलेला दुसरा माणूस सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत नसावा, असे माझे मत आहे. ते मी घाईने बनवलेले नाही.

साडू मूळचे खंडाळ्याकडचे; फौजेत सिग्नलचे सुभेदार होते. निवृत्तीनंतर त्यांनी गणवेश तेवढा पेटीत ठेवला, बाकी सर्व अंगावर राहिले. घरी येणाऱ्या पाहुण्यांच्या चपला ते मापाप्रमाणे ओळीत लावत, सर्वांत मोठी उजवीकडे. माझी जोडी डाव्या टोकाला लागली तेव्हा मी हरकत घेतली. "आवं भाऊ, पायच तेवढा हाय तुमचा, त्याला मी काय करू?" असे उत्तर मिळाले. त्याहून अवघड सवय वायरलेसवरची होती. सांगितलेली प्रत्येक गोष्ट ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवली पाहिजे. मंडईत "वांगी, काटेरी, एक किलो" असे सांगून ते थांबत, आणि भाजीवालीने तेच शब्द उच्चारल्याशिवाय पिशवी उघडत नसत. भाजीवाल्या प्रथम हसल्या, मग चिडल्या, आणि शेवटी ते लांबून दिसताच त्याच ओरडू लागल्या, "वांगी, काटेरी, एक किलो, सुभेदार!" माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी आचाऱ्याकडून जिलब्यांचा आकडा असाच म्हणवून घेतला. आचारी झारा टाकून निघाला होता. जिलबी मात्र कमी पडली नाही, हे नमूद करणे भाग आहे.

संगणक त्यांनी बंद पडलेल्या एका कापडगिरणीच्या कचेरीतून घेतला होता. त्यावर युनिक्स ही कार्यप्रणाली होती. या व्यवस्थेत 'रूट' नावाचा एक सर्वाधिकारी असतो आणि बाकीचे साधे वापरकर्ते असतात, हे कळल्यावर साडू प्रसन्न झाले. "ह्या यंत्राला हुद्दा कळतोय. लय आवडलं मला." रूटचा पासवर्ड त्यांनी स्वतःकडे ठेवला. घरात संगणक जाणणारी एकच व्यक्ती होती, त्यांची कन्या शैला. ती साधी वापरकर्ती राहिली.

त्या दिवशी प्रश्न शैलाच्या नोकरीचा होता. पुण्याच्या एका कंपनीने तिला निवडले होते, पण एका अटीवर. स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम तिने चालता करून सोमवारी घेऊन जायचा होता. प्रोग्रॅम कागदावर तयार होता. तो चालता करण्याची अवजारे गिरणीच्या युनिक्समध्ये नव्हती. ती डेव्हलपमेंट किटमधून निराळी बसवावी लागत. कंपनीने किटच्या फ्लॉपींचा डबा तिच्या हाती दिला होता. बसवण्याचा अधिकार फक्त रूटला. म्हणून कळफलकावर साडू, आणि परत म्हणणारा कोणी हवा म्हणून साताऱ्याहून बोलावलेला मी. माझी मेहुणी, म्हणजे शैलाची आई, काही वर्षांपूर्वी वारली होती. त्या घरात दोन माणसे होती. शैला गेली की एक उरणार होते. याविषयी कोणी बोलत नव्हते.

"तिसरी फ्लॉपी!" साडू म्हणत.

"तिसरी फ्लॉपी," मी म्हणे.

"आत!"

"आत."

मागे हाताची घडी घालून बसलेली शैला म्हणाली, "आबा, लढाई न्हाई ही."

"लढाई सोपी असती. गप बस."

दुपारपर्यंत किट बसले. शैला भाकरी करायला आत गेली, आणि साडूंनी तपासणी आरंभली. नव्याने आलेल्या फाइलींची नावे पडद्यावर ओळीने उभी होती. काही नावांपुढे एक बाण होता आणि बाणापुढे दुसऱ्याच फाइलीचे नाव. साडूंची मुद्रा बदलली. ज्या खात्यात त्यांचे आयुष्य गेले, तेथे एका जवानाचे नाव पटावर दोनदा लागणे म्हणजे एका पोटाला दोन शिधे.

"बघा भाऊ. माणूस एक, नावं दोन. वर बाण दावून कबुली बी दिलीया."

"मला यातले कळत नाही," मी म्हणालो.

"मला कळतंय. फुकटचं खाणारं हायती."

ते एकेक दुबार नाव वाचत, मी ते परत म्हणे, आणि ते कापत. आम्ही दोघांनीही हे काम मन लावून केले.

जेवणानंतर शैलाने आपला प्रोग्रॅम टाइप केला. यंत्राने नकार दिला. एक फाइल सापडत नव्हती. तिने फाइलीचे नाव मोठ्याने वाचले. मी म्हणालो, "हे नाव मी जेवणाआधी उच्चारले आहे."

शैला वळली. "आबा, तुमी काढलं?"

"बोगस हुतं."

"बोगस कशानं? परवा सोमवार हाय, आबा!" तिचा आवाज चढला. "तुमाला मी जायलाच नको हाय. सरळ सांगायचं हुतं की."

साडू सावधान उभे राहिले.

"नको हाय," ते म्हणाले. "लय नको हाय. पर म्हणून फितुरी करीन व्हय मी?"

शैलाने मान खाली घातली. मग तिने हळू आवाजात समजावले. फाइल एकच असते, पण निरनिराळे प्रोग्रॅम तिला निरनिराळ्या नावांनी हाक मारतात. ज्या नावाने हाक मारली ते नाव नसेल, तर फाइल जागेवर असूनही सापडत नाही.

साडूंनी विचार केला. "पोस्टमन माझं पटावरचं नाव घिऊन गावात शिरला, तर कोन घर दावायचं न्हाई त्याला. सुभेदार म्हनला की दारात आनून सोडत्यात."

"तेच की, आबा."

"मग करा परत भरती. शैले, तू हुकूम दे. मी म्हनतो."

कापलेली सर्व नावे साडूंना आणि मला मिळून आठवली. मोठ्याने म्हटलेले सहसा विसरत नाही. शैला खुर्चीमागे उभी राहून आज्ञा सांगत होती, साडू ती अक्षरशः परत म्हणून टाइप करत होते. एकदा ते घाईने पुढे गेले. "थांबा," ती म्हणाली. "थांबा," ते म्हणाले, आणि थांबले.

ऊन उतरले तेव्हा प्रोग्रॅम चालला. तासगावच्या बेदाण्याच्या पेट्यांची यादी त्याने पडद्यावर प्रतवारीने लावून दाखवली, उत्तम माल वर, काळपट खाली. शैलाने तोंडावर हात धरला. साडूंनी पडदा वरपासून खालपर्यंत पाहिला.

"रांग सरळ हाय," ते म्हणाले.

प्रोग्रॅम फ्लॉपीवर उतरवून शैला शेजारी मैत्रिणीला सांगायला गेली. जाण्यापूर्वी तिने प्रवासाची बॅग माळ्यावरून काढून ठेवली होती. तिचा पट्टा एका टोकाला उसवला होता. साडूंनी जाड सुई काढली, दोऱ्याला मेण लावले आणि पट्टा शिवला. एकदा शिवून झाल्यावर त्याच टाक्यांवरून पुन्हा शिवला. मला काही परत म्हणायला सांगितले नाही. दोरा तोडून त्यांनी रिकामी बॅग खांद्याला लावली, दारापर्यंत जाऊन आले, आणि पट्टा शैलाच्या उंचीला दोन घरे आखूड केला.