पोतनीसबाईंची वीस मिनिटं

दुपारचं दुसरं ऑपरेशन तासाभरावर आलंय. स्टाफरूमच्या बाकावर रेवती घाटगे जरा पाठ टेकते, डोळे मिटतात न मिटतात तोच शेजारी पोतनीसबाई येऊन बसतात. वारून दीड वर्ष झालं, पण साडीची घडी मोडेल तर शपथ!

"सरक की जरा," बाई म्हणतात.

मेल्यावरही जागा हवीच बाईला! रेवतीच्या पोटात दुखतंच. झडप बदलायला हृदय थांबवतात, तेव्हा अंगात रक्त फिरवत ठेवणारं मशीन बाईंच्या जागी आता ती चालवते. थांबलेल्या हृदयाचा स्नायू जपणारं थंड औषध दर वीस मिनिटांनी तीच सोडते. आणि डॉक्टर माईणकर म्हणतात काय, तर "पोतनीसबाई असत्या तर…" परवाच म्हणाले. पेशंटचं हृदय काही केल्या धड सुरू होईना, तेव्हा.

"तुमची युक्ती तरी सांगून जायचं होतंत," ती फणकारते.

आता त्या दोघी बाईंच्या स्वयंपाकघरात आहेत. फ्रिजशेजारी मशीन घरघरतंय. ओट्यावर दुपारच्या पेशंट साळोखेकाकू निजल्यात, छाती उघडलेली, आणि माईणकर टाके घालताहेत.

"वीस मिनिटं झाली. औषध सोड," बाई म्हणतात.

"थांबा हो, दोनच टाके!" माईणकर ओरडतात.

रेवतीचा हात आपसूक थांबतो. परवाही असाच थांबला होता, चांगली अकरा मिनिटं. सर खूश राहावेत, एवढ्यासाठी.

"अगं, त्यांचे दोन टाके कधी दोन असतात का?" बाई तिचं मनगट गच्च धरतात आणि पंप सुरू करतात. औषधानं सगळं भरून जातं, माईणकरांना टाका दिसेना. ते बाईंना नाही नाही ते बोलतात. बाई मख्ख.

"वीस वर्षं हेच ऐकलं बघ. हीच युक्ती. कौतुक म्हणशील तर मेल्यावर सुरू झालं."

रेवतीला आता त्या शिव्यांचाही हेवा वाटतो.

जाग येते. मनगटावर चार बोटं उमटलीत, पांढरी, थंडगार.

दारात माईणकर उभे. "चला, घाटगे. साळोखेबाईंचं हृदय फार जाड झालंय. जपून हं."

"सर, वीस मिनिटं झाली की मी औषध सोडणार. टाका अर्धा असला तरी तुम्ही थांबायचं."

माईणकरांच्या कपाळावर आठ्या चढतात. आज पहिल्यांदा त्या आठ्या तिच्या एकटीच्या आहेत.