दिव्यावरचा हार

उमरखेडचा रहमत मिस्त्री मोटारपंप दुरुस्त करायचा. आम्हा कापूस वेचणाऱ्या बायांना मात्र तो आठवतो धरणातल्या दिव्यासाठी.

बोंडअळीनं आमच्या काठाचा कापूस खाल्ला, म्हणून आम्ही डोंग्यानं पल्याड वेचायला जायचो. परतताना अंधार पडायचा आणि पाण्यात बुडालेल्या झाडांच्या खोडांवर डोंगा आपटायचा. रहमतनं भंगारातून, समुद्रात बोटींना वाट दाखवतो तसला एक सौर दिवा आणला आणि सगळ्यात उंच खोडावर बसवला.

"चाचा, हा लुकलुकते काहून? सारखा जळत काहून नाही?" मी विचारलं.

"सारखा जळला तं ढगाळ दिवसांत मरन. थांबून थांबून जळते म्हणून बॅटरी पुरते. दिवसा उन्हानं भरते, अंधार दिसला का आपोआप पेटते."

दिवाळीत आम्ही शहाण्यांनी दिव्याला झेंडूचा भलामोठा हार घातला. काच झाकली गेली. दिव्याला वाटलं रात्र झाली. तो दिवसभर लुकलुकत राहिला, भरला मात्र नाही. संध्याकाळी ऐन वेळी विझला आणि डोंगा खोडावर चढला. रहमत आमच्यावर खेकसला, "त्याले हार कायले? ऊन द्या त्याले!"

पुढच्या पावसाळ्यात रहमत गेला. इद्दतचे, दुखवट्याचे चार महिने दहा दिवस सरल्यावर त्याची बायको जैबुनबी आमच्यासोबत दिव्यापाशी आली. माझ्या हातात हार होता. उचलला, आणि मीच मागे घेतला.

जैबुनबीनं ओढणीनं काच पुसली. मग ती थोडी बाजूला सरकली. तिची सावली काचेवर पडत होती.