वलांडीपाशी पुष्पलता

सातपाटीतलं मोठं माणूस कोण असं मला विचाराल, तर मी बंदरातल्या बोटींकडे बघणार नाही. मी मासळी सुकवायच्या खळ्याकडे बोट दाखवीन, जिथे वलांडीच्या, म्हणजे बांबूंच्या मांडवाच्या, दोऱ्यांवर बोंबील वाळतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे नि ती जोडी दोरीवर टाकायची. काम दोघींचं. एक जुळवून देते, दुसरी टांगते. कोणाचं कोणाशी बरं आहे, ते इथे तेवढ्यावरून कळतं.

पुष्पलताचा मुलगा मिथुन. गावातल्याच मुलीवर बलात्कार केला म्हणून पालघरच्या कोर्टाने त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. मुलीचं नाव मी लिहिणार नाही. त्यानंतर मुलीच्या आईला जुळवून द्यायला कोणी येईना, कारण पुष्पलताचा दीर भगवंत तांडेल, आणि त्याचा शब्द गावात चालतो.

भगवंतने मुंबईला हायकोर्टात अपील केलं. मुलीलाही म्हणणं मांडायला नोटीस आली.

"वहिनी, त्या बाईच्या पाया पड," भगवंत म्हणाला. "पोरीनं घरी गप बसावं, बाकी वकील बगंल. आईला कोण नाय म्हनंल?"

"जाते," पुष्पलता म्हणाली.

तारखेच्या सकाळी खळ्यावर बोंबील आले. मुलीची आई पाट्यांपाशी अडकून बसली होती. माल थांबत नाही, नासतो. आणि आईवाचून मुलगी कोर्टाची पायरी चढणार नव्हती. पुष्पलता चालत आली तसे सगळ्यांचे हात थांबले.

"पोरीला घेऊन नीग. तुजा माल मी टांगते."

"मंग तुजा पोर सुटायचा कसा?"

"मिथुन माजाच हाय. तुरुंगात त्याला भेटायला मीच जाते, पुढं बी जाईन. पन त्यानं काय केलं, ते त्यानंच मला सांगितलंय. नीग आता, गाडी जाईल."

"एवढी हौस हाय तर माजी बी पाटी घे," शेजारच्या वलांडीवरून मंगळी म्हणाली.

"तुजे बोंबील तुज्यासारखे, तोंड मिटतच नाय त्यांचं. अडकवू कसे?"

एक-दोघी हसल्या. मदतीला मात्र कोणी आलं नाही. पुष्पलता एकटीच जुळवत होती, एकटीच टांगत होती. ऊन डोक्यावर आलं तेव्हा पाट्या रिकाम्या झाल्या होत्या. भगवंतने त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं टाकलं.

निकाल पुढे बऱ्याच दिवसांनी आला. शिक्षा कायम राहिली. दुसऱ्या दिवशी पुष्पलता खळ्यावर उशिरा आली, डोळे सुजलेले. मुलीची आई तिच्या दोरीपाशी आधीच उभी होती. तिने दोन बोंबील जुळवून पुढे केले. पुष्पलताने पदराने तोंड पुसलं, ते घेतले आणि टांगले.