चौथ्या मजल्यावरचे बिनचूक वाक्य

९ जानेवारी २०२५, गुरुवार. खराडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीच्या चौथ्या मजल्यावर त्रेपन्न माणसे होती. बावन्न वाचली.

त्या बावन्नांपैकी एक हिरा गवई. वय बेचाळीस, मूळ गाव वाशीम जिल्ह्यात. राहणे वाघोलीत, एका खोलीत, दहावीत शिकणाऱ्या दीक्षा या मुलीसोबत. लग्नामुळे बी.ए.चे दुसरे वर्ष अर्धवट सुटले, पण वाचण्याची सवय सुटली नाही. कार्यालयात त्यांचे काम झाडण्यापुसण्याचे. जे पुसायचे ते त्या आधी वाचून घेत. लिफ्टशेजारी, आग लागल्यास बाहेर कसे पडावे याचा नकाशा चौकटीत लावलेला होता. त्यावरचा ‘इग्रेस’ हा शब्द त्यांनी दीक्षाच्या शब्दकोशात शोधला. बाहेर पडण्याची वाट.

ती वाट म्हणजे मागचा जिना. सफाई आणि चहाच्या कर्मचाऱ्यांना पॅन्ट्रीत बसून जेवण्याची मुभा नव्हती, म्हणून हिराबाई आणि चहा करणारे संभाजी सातव त्या जिन्याच्या वळणावर डबा उघडत. सप्टेंबरात कंपनीच्या गणपतीचे विसर्जन झाले, आणि प्लायवूडचे, कापडाने मढवलेले मखर त्याच वळणावर आणून उभे केले गेले. पाठोपाठ चार मोडक्या खुर्च्याही आल्या.

हिराबाईंनी सुपरवायझर दिगंबर यांना सांगितले. “साहेब, वाट अडलीय. काही झालं तर माणसं उतरणार कुठून?”

“वाट अडलीय, की तुमची जेवायची जागा गेली?”

“दोन्ही.”

“देवाचं मखर आहे बाई. गच्चीवर उन्हात टाकू? तुमचं बरं आहे, तुमच्याकडे गणपती नसतो.”

हिराबाईंचे आजोबा १९५६ साली बौद्ध झाले. दिगंबर यांच्या या बोलण्यानंतर आपण त्या मखराला हात लावला तर त्याचा काय अर्थ काढला जाईल, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. सातवमामांना त्यांनी विचारले. मामा म्हणाले, “चार माणसं लागतील, आन् चार माणसं बोलवायला साहेबाचा हुकूम लागंल. तुमी लिहून द्या. तुमचं अक्षर चांगलं हाय.”

लिहून देण्याची जागा लवकरच मिळाली. मनुष्यबळ विभागातील नम्रता या तरुण अधिकारी बाईंनी पॅन्ट्रीत एक पांढरा फळा लावला होता. त्यावर रोज एक अपरिचित इंग्रजी नाम लिहायचे. येणाऱ्याजाणाऱ्याने ते रोजच्या वापरातील वाक्यात बसवायचे. बिनचूक वाक्याला चॉकलेट. हेतू चांगला होता. लहान गावांतून आलेल्या मुलांची इंग्रजीची भीड मोडावी, असे त्यांना मनापासून वाटे. नोव्हेंबरात त्यांच्याकडचे शब्द संपत आले.

“मॅडम, आमच्या हिराताईंना इचारा,” मामा कप विसळत म्हणाले. “त्या भिंतीसुद्धा वाचत्यात.”

हिराबाईंनी शब्द दिला: इग्रेस. नम्रताबाईंनी तो आनंदाने फळ्यावर लिहिला आणि खडू द्यावा तसे मार्कर पुढे केले. “मग पहिलं वाक्यही तुमचंच.”

हिराबाईंनी लिहिले: ‘द इग्रेस ऑन द फोर्थ फ्लोअर इज ब्लॉक्ड बाय द गणपती मखर.’

टाळ्या पडल्या. अभिनव नावाचा तरुण अभियंता म्हणाला, “ताई, ग्रामर एकदम परफेक्ट! आमच्या टीम लीडला शिकवा जरा.” चॉकलेट मिळाले. नम्रताबाईंनी फळ्याशेजारी त्यांना उभे करून फोटो काढला आणि तो कार्यालयाच्या ग्रुपवर टाकला. एक्केचाळीस जणांनी अंगठे दिले. अंगठे देणाऱ्यांत दिगंबर होते.

फळा रोज सकाळी पुसणे हे हिराबाईंचेच काम. पुढचे तीन दिवस त्यांनी बाकी सर्व पुसले. ती एक ओळ ठेवली. चौथ्या दिवशी नम्रताबाई मायेने म्हणाल्या, “आता पुसा हं. बाकीच्यांनाही चान्स मिळू दे.” हिराबाईंनी स्वतःचे वाक्य स्वतःच्या फडक्याने पुसले.

मी या घटनेकडे वारंवार परत येतो, कारण तेथे कोणीही दुष्ट नव्हते. सर्वांनी वाक्य वाचले, शब्द योग्य वापरला आहे की नाही हे पाहिले, आणि योग्य ठरताच त्यांचे काम संपले. सफाई करणारी बाई आपल्याला काही कळवीत असेल, ही शक्यता त्यांच्या मनात आली नाही. तिने इंग्रजी लिहिले, याचेच त्यांना इतके कौतुक होते.

जानेवारीत त्या गुरुवारी दुपारी चार वाजता बॅटऱ्यांच्या खोलीतून धूर आला. लिफ्ट बंद झाली. पुढच्या जिन्यात धूर भरला होता. सारे मागे धावले आणि मखराशी थांबले. सातवमामा खुर्च्यांवरून चढून पुढे गेले.

“हिराताई, धरा ते टोक! आता कुनी काय म्हनत नाय!”

मखराची चौकट भिंतीत अडकली होती. ती तिरपी होऊन माणूसभर फट पडायला अकरा मिनिटे लागली. मामांनी ती खांद्यावर तोलून धरली आणि एकेकाला खालून काढले. हिराबाईंना त्यांनी हाताला धरून पुढे ढकलले. मामांना स्वतःला बाहेर काढले, तेव्हा श्वास थांबलेला होता.

चौकशी समितीच्या अहवालात नोंद झाली, ‘जिना अडल्याची लेखी पूर्वसूचना मिळाली नव्हती.’ हे वाचून नम्रताबाई वाघोलीला आल्या. खोलीत एकच खुर्ची. ती नाकारून त्या जमिनीवर बसल्या.

“तुम्ही सांगितलं होतंत, आणि मी चॉकलेट दिलं,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही मार्कर तरी दिलं, मॅडम.”

नम्रताबाईंनी तो फोटो समितीपुढे ठेवला, स्वतःच्या सहीनिशी. त्यासाठी धैर्य लागते. नोकरी त्याच कंपनीत होती. समितीने उत्तर दिले की ते स्पर्धेतील वाक्य आहे, सूचना नव्हे. नोंद बदलली नाही.

जिन्यात आता काही ठेवत नाहीत. बसूही देत नाहीत. हिराबाई वाहनतळात, खांबाआड उभ्याने डबा खातात. फळा पॅन्ट्रीत आहे, आणि तो त्याच पुसतात.

सातव कुटुंबाला नुकसानभरपाई मिळाली. हिरा गवई यांच्या वाक्याची सूचना म्हणून नोंद होणे बाकी आहे.